यंत्रांचें दोषनिवेदन

टीकालेखाचा विषय म्हटला म्हणजे एखादें नवें काव्य, एखादी कादंबरी, फार तर एखादें चरित्र वाचकांच्या डोळ्यांपुढें येतें. आज आम्ही ज्या वाङ्मयाचें परीक्षण करण्यास बसलों आहों तें यांपैकीं कशांतच मोडत नाहीं. त्यावर कर्त्याचें नांव नसतें, त्याला मुखपृष्ठ नसतें, आणि त्याची लांबी बहुधा पांचसात शब्दांच्या वर जात नाहीं. तथापि सुशिक्षित कुटुंबांत तें नित्य वाचलें जातें. आणि जितक्या असहायतेनें तें वाचलें जातें तितक्या असहायतेनें दुसरें कोणतेंहि गद्य वाचलें जात नसेल. छापयंत्र मध्येंच अडलें, तबकडी उघडेना, कॅमेऱ्यांतील चित्रें संगणकावर उतरेनात, म्हणजे पडद्यावर जें एक वाक्य उमटतें, त्या वाक्याविषयीं आम्ही बोलत आहों.

हें वाक्य कोण लिहितो, तें प्रथम सांगितलें पाहिजे. संगणकाचा सर्व कारभार पाहणारा जो मुख्य कार्यक्रम, त्यास ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. या कारभाऱ्यास बाहेरच्या उपकरणांची बोली समजत नाहीं. छापयंत्राची बोली निराळी, ठसे घेणाऱ्या यंत्राची निराळी, आणि एकाच कामाच्या दोन कारखान्यांच्या यंत्रांचीहि पुष्कळदां निराळी. म्हणून प्रत्येक उपकरणामागें एक दुभाष्या ठेवावा लागतो. त्याचें नांव ड्रायव्हर. मोटार हांकणाऱ्याशीं त्याचा संबंध नांवापुरताच. उपकरणाला कांहीं झालें कीं तें प्रथम या दुभाष्यास कळतें, आणि घरधन्यास काय कळावें हें बव्हंशीं त्याच्या शब्दांवर ठरतें. जुन्या दरबारांत दुभाष्याची नेमणूक किती पारखून करीत, हें इतिहास वाचणारांस सांगावयास नको. एक शब्द गाळला तर तह मोडे. एक शब्द पदरचा घातला तर लढाई जुंपे. आमच्या घरांतील या दुभाष्यांची पारख मात्र कोणी केलेली दिसत नाहीं.

विषय क्षुद्र आहे असें ज्यांस वाटेल त्यांच्यासाठीं एक हकीकत सांगतों. नोव्हेंबर महिन्यांत निवृत्तिवेतन घेणारांस आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो; २०१४ सालापासून तो बोटांच्या ठशांवरून संगणकाच्या द्वारेंहि देतां येतो. आमच्या परिचयाच्या एक वृद्ध शिक्षिकाबाई या कामासाठीं जवळच्या एका केंद्रांत गेल्या. त्यांनीं काचेवर अंगठा ठेवला; पडद्यावर ठसा घेतां आला नाहीं अशा अर्थाचें एक इंग्रजी वाक्य आणि त्यापुढें एक आंकडा उमटला. केंद्रांतील मुलगा म्हणाला, “आजी, तुमचे ठसे झिजलेत.” बाईंनीं हात धुतले, पुसले, पुनः ठेवले, दुसरें बोट, तिसरें बोट, उत्तर तेंच. दुसऱ्या दिवशीं पुनः तेंच. तिसऱ्या दिवशीं दुसरा एक मुलगा होता. त्यानें यंत्राची तार बदलली, आणि पहिल्याच स्पर्शास काम झालें. बाई आम्हांस म्हणाल्या, “मला वाटलं, खडू धरून आणि पोळ्या लाटून माझीं बोटंच पुसलीं गेलीं.” दोन दिवस एक भली बाई आपल्याच हातांकडे अपराध्यासारखी पाहत होती; दोष होता तो एका हातभर तारेचा. बोट वाचतां आलें नाहीं आणि यंत्राशीं बोलणेंच झालें नाहीं, या दोन अगदीं भिन्न गोष्टी एकाच वाक्यांत कोंबणाऱ्या त्या अज्ञात लेखकानें हें केलें. यापरतें वाङ्मयाचें सामर्थ्य तें कोणतें?

आतां या वाङ्मयांतील कांहीं प्रसिद्ध वाक्यांकडे वळूं.

लिनक्स ही प्रणाली १९९१ सालीं निघाली. तिचा मूळ लेख कोणासहि वाचावयास खुला आहे, ही टीकाकाराची मोठीच सोय होय. तींतील छापयंत्राच्या दुभाष्याचें एक वाक्य जगप्रसिद्ध आहे: ‘एल्‌पी शून्य ऑन फायर’, म्हणजे पहिल्या छापयंत्रास आग लागली आहे! वाचणारा दचकतो; पाण्याची बादली शोधावी असेंहि त्यास वाटेल. परंतु मूळ लेख पाहतां रहस्य उलगडतें. जुन्या जाड तारेनें जोडलेलें छापयंत्र आपली स्थिति मोजक्याच खुणांनीं कळवीत असे: दोष आहे, कागद संपला आहे, यंत्र कामास जोडलेलें आहे किंवा नाहीं. दोषाची खूण आली कीं दुभाष्या प्रथम पाहतो, कागद संपला काय? नसल्यास, यंत्र बाजूस काढून ठेवलें आहे काय? तेंहि नसेल तर त्याची विचारशक्ति संपते, आणि तो म्हणतो, आग लागली. वस्तुतः त्यास ठाऊक असतें तें इतकेंच कीं, दोष आहे, आणि मला माहीत असलेल्या दोन दोषांपैकीं तो नाहीं. आपल्या अज्ञानास त्यानें आगीचा वेष चढविला. विनोद म्हणून हें वाक्य आम्हांसहि आवडतें. निवेदन म्हणून तें खोटें आहे. ‘छापयंत्र दोष कळवीत आहे, कागद आहे, यंत्र जोडलेलें आहे, दोष कोणता तें कळत नाहीं’, असें म्हटलें असतें तर चारदोन शब्द अधिक लागले असते, पण एकहि शब्द खोटा पडला नसता.

याच दुभाष्याच्या लेखांत याहून सूक्ष्म दोष आहे, आणि तो विनोदाच्या आड लपलेला नाहीं म्हणून अधिक विचार करण्याजोगा आहे. कागद संपला कीं दुभाष्या प्रणालीच्या रोजनाम्यांत ‘कागद संपला’ असें स्वच्छ लिहितो. पण ज्या कार्यक्रमानें छापण्यास सांगितलें त्यास तो शब्द कळवीत नाहीं, केवळ एक आंकडा कळवितो: २८. या आंकड्याचा ठरीव अर्थ ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’, उपकरणावर जागा उरली नाहीं. कागद म्हणजे छापयंत्राची जागा, हें रूपक म्हणून वाईट नाहीं. परंतु वाचणारा बिचारा संगणकांतील जुनीं पत्रें आणि छायाचित्रें पुसून जागा करूं लागतो, आणि कागदाचा खण तसाच रिकामा राहतो. सत्य एका ठिकाणीं जाणलेलें होतें. मध्यस्थांच्या हातांतून जातांना तें झिजलें.

त्याच कुळांतील आंकडा २५ याची कथा तर एखाद्या प्रहसनांत शोभेल. युनिक्स प्रणाली १९७० च्या सुमारास रूपास आली तेव्हां मनुष्य संगणकाशीं बोले तो टंकयंत्रासारख्या यंत्रावरून. त्यामुळें जी क्रिया अशा यंत्रावरच होऊं शकते ती दुसऱ्या कशावर केली म्हणजे उत्तर मिळे, ‘नॉट ए टाइपरायटर’, हें टंकयंत्र नव्हे. पुढें कार्यक्रम आपण टंकयंत्राशीं बोलत आहों कीं काय हें सहज विचारून पाहत. आलेला नकार तसाच पाटीवर राही. आणि मागाहून भलतेंच कांहीं बिघडलें म्हणजे पाटीवरचें हेंच जुनें उत्तर कारण म्हणून वाचून दाखविलें जाई. पत्र पोंचलें नाहीं, कारण काय? तर हें टंकयंत्र नव्हे! पुढें या वाक्याची सुधारणा झाली, ती अशी: ‘इन्‌अप्रोप्रिएट आयॉक्टल फॉर डिव्हाइस’. पहिलें वाक्य चुकीचें पण समजणारें होतें. दुसरें बरोबर असून कोणास समजत नाहीं. सुधारणा या शब्दाचा असा अर्थ केव्हांकेव्हां साहित्यांतहि होतो.

छापयंत्रांच्या स्वतःच्या मुखांतील एक वाक्यहि येथें नमूद करतों. ह्युलेट-पॅकार्डच्या जुन्या लेसरजेट यंत्रांच्या चिमुकल्या पट्टीवर ‘पीसी लोड लेटर’ हे शब्द येत. १९९९ च्या ‘ऑफिस स्पेस’ या अमेरिकन चित्रपटांत त्यांची यथेच्छ थट्टा झाली. पीसी म्हणजे संगणक नव्हे, कागदाची पेटी. लेटर म्हणजे पत्र नव्हे, अमेरिकेंतील एक कागदाचें माप. ‘पेटींत त्या मापाचा कागद घाला’ एवढाच अर्थ. आपल्याकडे तर ए-चार मापाचा कागद चालतो. तेव्हां पेटी कागदानें भरलेली असतांहि यंत्र न मिळणाऱ्या मापासाठीं हटून बसलें, तर हे तीन शब्द वाचून कोणास काय उमजावें?

येथवरचीं उदाहरणें हंसण्यावारी नेतां येतील. पुढचीं तशीं नाहींत.

२८ मार्च १९७९ रोजीं अमेरिकेंतील पेनसिल्व्हानिया संस्थानांत थ्री माइल आयलंड येथील अणुशक्तिगृहांत अपघात झाला. दाब कमी करणारी एक झडप उघडली ती पुनः मिटली नाहीं, आणि दोन तासांहून अधिक वेळ तींतून पाणी जात राहिलें. नियंत्रणगृहांतील दिव्यावरून मात्र झडप मिटली असेंच कामगारांस वाटत होतें. याचें कारण असें कीं तो दिवा झडप मिटली हें सांगतच नव्हता. झडपेस मिटण्याची आज्ञा गेली, इतकेंच तो सांगत होता. आज्ञा आणि तिचें पालन यांतील अंतर संसारी माणसांस सांगावयास नको. जें पाहिलें नाहीं तें पाहिल्यासारखें सांगूं नये, हा दोषनिवेदनाचा पहिला धर्म. छापयंत्राची आग आणि शक्तिगृहाचा दिवा या दोहोंनीं तोच मोडला. एकाचें हंसें झालें, दुसऱ्यानें एका अणुभट्टीचा नाश होण्यास हातभार लावला.

दुसरें उदाहरण थेरॅक-२५ या किरणोपचाराच्या यंत्राचें. १९८५ ते १९८७ या काळांत अमेरिका व कॅनडा येथें या यंत्रानें सहा रुग्णांस प्रमाणाबाहेर किरण दिले, व त्यांतील कांहीं दगावले. मूळ दोष कार्यक्रमाच्या रचनेंतला होता, वाक्यरचनेंतला नव्हे, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. परंतु १९८६ सालीं टेक्ससमधील टायलर गांवीं पडद्यावर जें आलें तें काय? ‘मॅलफंक्शन ५४’, बिघाड क्रमांक चौपन्न. यंत्र चालविणाऱ्या बाईंच्या पुस्तकांत या आंकड्याचा खुलासा नव्हता. जेथें होता तेथें त्याचा अर्थ, दिलेली मात्रा फार जास्त किंवा फार कमी, असा निघे! विष कीं पाणी, हें न सांगणारी ती चिठी. त्यांतून मात्रा कमी पडल्याचा आंकडा पडद्यावर होता. अशीं निवेदनें दिवसांतून अनेकदां येत, आणि बहुतेक निरुपद्रवी असत; एक कळ दाबली कीं काम पुढें चाले. बाईंनीं कळ दाबली, आणि रुग्णास दुसऱ्यांदा मारक मात्रा बसली. लांडगा आला रे आला असें नित्य ओरडणाऱ्या पोराची गोष्ट आपण मुलांना सांगतों. यंत्रें घडविणारांस ती कोणी सांगितली नसावी. सर्व संकटें एकाच स्वरांत सांगणारें निवेदन हें खरें बोलूनहि फसवितें.

तिसरें उदाहरण अगदीं अलीकडील. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या संरक्षक कार्यक्रमास पाठविलेल्या एका सदोष नव्या भागामुळें विंडोज प्रणालीचे संगणक धडाधड कोसळले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें सुमारें पंचायशीं लक्ष. आपल्या देशांतहि विमानतळांवर प्रवाशांस हातानें लिहिलेले परवाने देण्याची पाळी आली. या सर्व पडद्यांवर मोठ्या अक्षरांत होतें तें हें: ‘तुमच्या उपकरणास अडचण आली, तें पुनः सुरू करावें लागेल.’ वर, २०१२ सालापासून चालत आलेला, एक रडवा चेहरा. खालीं बारीक अक्षरांत दोष देणाऱ्या ड्रायव्हरचें नांव होतें, हें आम्ही मुद्दाम सांगतों. तेवढ्यापुरतें निवेदन प्रामाणिक होतें, आणि जाणत्यांस तें उपयोगीं पडलें. परंतु मोठें वाक्य काय म्हणतें? ‘तुमच्या’ उपकरणास! धन्यानें कांहीं केलें नव्हतें. उपकरणानेंहि केलें नव्हतें. तिसऱ्यानेंच घरांत आणून ठेवलेल्या वस्तूनें घर पाडलें होतें. शिवाय पुनः सुरू केल्यानें पुष्कळ ठिकाणीं तेंच संकट पुनः येत होतें. खरा उपाय, सुरक्षित रीतीनें सुरू करून ती सदोष फाइल काढणें, हा पडद्यावर नव्हताच. २०२५ सालीं हा पडदा निळ्याचा काळा झाला आणि चेहरा गेला. मोठें वाक्य मात्र आपल्या जागीं आहे. रंगभूषा बदलली म्हणून नाटक बदलत नाहीं.

आतां पूर्वपक्ष ऐकला पाहिजे. ड्रायव्हर लिहिणारे म्हणतात: आमचीं वाक्यें गृहस्थांसाठीं नाहींतच, तीं जाणत्यांसाठीं आहेत, दुसरें, दुभाष्यास यंत्राच्या आंतलें फार थोडें दिसतें, तो कारण कोठून सांगणार? तिसरें, वाक्य ठरीव आणि त्रोटक असलें म्हणजे तेंच शब्द शोधून दुसऱ्यांस आलेला अनुभव सांपडतो. या तिन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु पहिल्यास आमचें उत्तर असें कीं, वाक्य कोणासाठींहि लिहिलें असो, तें कोणापुढें येतें हें पाहिलें पाहिजे. रोजनाम्यांतलें जाणत्यांसाठीं, पडद्यावरचें घरच्यांसाठीं, हा भेद दुभाष्यानें व कारभाऱ्यानें मिळून पाळावा. तिसऱ्यास उत्तर असें कीं, आंकडा ठेवूं नये असें आम्ही म्हणतच नाहीं. आंकडा हा पत्त्यासारखा असावा, पत्रासारखा नव्हे. विंडोज प्रणाली कोणत्याहि उपकरणाविषयीं ‘हें उपकरण सुरू होऊं शकत नाहीं, कोड १०’ असें म्हणते, तेव्हां पत्ता मिळतो, पत्र कोरेंच असतें.

दुसरें म्हणणें सर्वांत वजनदार आहे, आणि त्याचें उत्तर आम्ही न देतां लिनक्समधील दुसऱ्या एका दुभाष्यासच देऊं देतों. यूएसबी तारेनें जोडलेलें उपकरण वारंवार प्रयत्न करूनहि सुरू होत नाहीं तेव्हां तो म्हणतो: ‘सुरू करतां येत नाहीं. कदाचित् यूएसबीची तार खराब असेल?’ या संपूर्ण वाङ्मयांत आम्हांस अत्यंत आवडलेलें वाक्य तें हेंच. पहिल्या भागांत जें घडलें तें निश्चयानें सांगितलें आहे. दुसऱ्यांत जें केवळ वाटतें तें ‘कदाचित्’ आणि प्रश्नचिन्ह यांच्या मर्यादेंत ठेविलें आहे. आणि वाटतें तें असें आहे कीं वाचणारास लगेच हातानें करून पाहतां यावें. दुभाष्यास थोडेंच दिसत होतें. पण थोडें दिसणें आणि थोडें सांगणें या निराळ्या गोष्टी आहेत. हाच दुभाष्या इतरत्र नुसता ‘एरर उणें ११०’ असें म्हणून मोकळा होतो, आणि त्या आंकड्याचा अर्थ इतकाच कीं वाट पाहिली, उत्तर आलें नाहीं. म्हणजे चांगलें लिहिणें अशक्य होतें म्हणून वाईट लिहिलें, असें नव्हे. एके दिवशीं कोणाच्या मनांत वाचणारा उभा राहिला, दुसऱ्या दिवशीं राहिला नाहीं. लिनक्सच्या लेखनशैलीविषयींच्या नियमांत संदेश संक्षिप्त, स्पष्ट व निःसंदिग्ध असावेत, शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावें, आणि संदेश कोणत्या उपकरणाचा तें कळेल अशी योजना करावी, असें सांगितलेलेंच आहे. नियम आहेत, संस्कार अजून व्हावयाचा आहे.

मराठींत हीं निवेदनें आलीं तर काय होईल, हा प्रश्न वाचकांच्या मनांत आला असेल. नुसत्या शब्दांच्या भाषांतरानें कांहीं साधणार नाहीं. ‘आदान-प्रदान त्रुटि’ हें इंग्रजीइतकेंच अगम्य आहे. परंतु आमच्या भाषेंत या कामास अनुकूल असा एक मोठा गुण आहे. ‘काच फुटली’ आणि ‘काच फोडली’, ‘तार सुटली’ आणि ‘तार सोडली’, ‘कागद संपला’ आणि ‘कागद संपविला’ हीं जोडपीं पाहावींत. कोणासहि दोष न देतां घडलेली गोष्ट सांगण्याची सोय मराठी क्रियापदांतच आहे. तसेंच ‘दिसतें’, ‘असावें’, ‘वाटतें’ या लहानशा शब्दांनीं पाहिलेलें आणि तर्कानें जाणलेलें यांतील भेद आपली अडाणी म्हातारीहि बिनचूक दाखविते. ‘पाऊस पडला’ आणि ‘पाऊस पडला असावा’ यांत तिची कधीं गल्लत होत नाहीं. यंत्रास बोलावयास शिकविणारांनीं तिच्यापाशीं चार दिवस बसावें.

सारांश, आमची मागणी फार मोठी नाहीं. यंत्रानें काव्य करावें असें आम्ही म्हणत नाहीं. चेहरे करूं नयेत, आणि क्षमाहि मागूं नये. काय पाहिलें तें सांगावें. काय वाटतें तें वाटतें म्हणून सांगावें. कोणत्या वस्तूकडे हात न्यावा तें सांगावें. आणि जेथें कळत नाहीं तेथें कळत नाहीं म्हणावें. हे नियम यंत्रांसाठीं नवे केलेले नाहींत. चांगल्या वैद्याकडून, चांगल्या कारकुनाकडून, आणि आम्हां टीकाकारांकडूनहि लोक हेंच मागत आले आहेत, आणि आम्हीहि तें नेहमींच देतों असें नाहीं.

त्या शिक्षिकाबाईंनीं आयुष्यभर मुलांचे निबंध तपासले. ज्या वाक्याचा अर्थ दोन तऱ्हांनीं लागेल त्याखालीं त्या तांबडी रेघ ओढीत. त्या दिवशीं पडद्यावरील वाक्याखालीं त्यांस रेघ ओढतां आली नाहीं. तें यंत्राचें, तेव्हां बरोबरच असणार, आणि चूक आपल्या बोटांची, असें त्यांस वाटलें. ‘ठशांचें यंत्र जोडलेलें दिसत नाहीं, तार पाहावी.’ इतकेंच लिहावयाचें होतें.